कालव्यापल्याड पोचणारा आवाज

मुयस्सरने इनोयात आपाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिगदेली गावच्या क्लबात, आपा देव नाही हे सिद्ध करून दाखवत होती तेव्हा.

मुयस्सर सात वर्षांची होती. कापूस वेचून संपला होता, म्हणून सगळ्या कोलखोजला, म्हणजे सामुदायिक शेतावर राबणाऱ्या साऱ्या गावाला, व्याख्यानाला हाकून आणलं होतं. खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे ती आईच्या मांडीवर, अगदी दुसऱ्या रांगेत. मंचावर लाल कापडाचं टेबल, टेबलावर पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या सुरया, आणि मागे तिशीतली एक उंच बाई. करडा कोट, केस घट्ट मागे बांधलेले. आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून उठावा आणि आपलं काय चुकलं ते आठवू लागावा.

"नागरिकहो! मुल्ला लोक सांगत, पाण्याचं रक्त होणं हा चमत्कार. आज तुमच्या डोळ्यांदेखत मी तो करून दाखवते. यात देव नाही, सैतान नाही. आहे ते फक्त रसायनशास्त्र!"

मग तिने बाह्या वर सारल्या, एक सुरई दोन्ही हातांनी उचलली आणि पुटपुटली, "बिस्मिल्ला."

तिचं पुटपुटणं म्हणजे इतरांचं ओरडणं. सगळ्या क्लबाला ऐकू गेलं.

पाणी लालभडक झालं, पण पाण्याकडे बघतो कोण? सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेत बसलेल्या, जिल्ह्याहून आलेल्या कॉम्रेडांच्या मानेवर खिळले होते. कॉम्रेड त्या लाल पाण्याकडे भान हरपून बघत होते. त्यांनी सावकाश दोन्ही तळवे उचलले, चेहऱ्यावरून खाली फिरवले आणि म्हणाले, "आमीन." आणि मग आपण काय करून बसलो ते ध्यानात येताच त्यांनी तेच तळवे एकमेकांवर आपटून जोरजोरात टाळ्या पिटायला सुरुवात केली. साऱ्या क्लबाने त्यांची लाज राखली. इतक्या टाळ्या त्या क्लबात पुन्हा कधी झाल्या नाहीत.

घरी जाताना मुयस्सरने आईला विचारलं, "ही बाई काय करते?"

"व्याख्यानं देते."

"कशावर?"

"देव नाही यावर."

"मग तिने देवाचं नाव का घेतलं?"

"अगं, काचेचं भांडं होतं," आई म्हणाली. "हातातून सुटलं असतं तर?"

मुयस्सर पुढे त्याच गावात भूगोलाची शिक्षिका झाली, आणि इनोयात आपाचं बाकीचं आयुष्य तिने शेजारून, कुंपणावरून आणि कधीकधी मधे पडून पाहिलं.

आपा शिकलेली होती. शहरातल्या शिक्षक महाविद्यालयातून आलेली. जिगदेलीत सून म्हणून आली, तेव्हा गावात लिहितं-वाचतं माणूस मिळणं अवघड नव्हतं, पण न घाबरता बोलणारं मिळणं अवघड होतं. म्हणून व्याख्यानांचं काम तिच्याकडे आलं. दर महिन्याला पगार, वर्षाला एकदा कोटाचं कापड. अडचण एवढीच होती की तिची सासू बुवीसारा ही गावची ओटिन होती, म्हणजे बायकांच्या घरात जन्माला-मरणाला कुराण म्हणणारी. अर्थात चोरून. पुढच्या खोलीत सून देवाविरुद्ध व्याख्यान तयार करायची आणि मागच्या खोलीत सासू चार बायकांना दारं लावून सूरा शिकवायची. कोणी विचारलं तर त्या बायका गोधड्या शिवत होत्या. पंधरा वर्षांत त्या घरातून एकही गोधडी शिवून बाहेर पडली नाही, हे जिल्ह्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं ते त्याने गिळून टाकलं.

भिंत मातीची. इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं.

"सूनबाई," सासू संध्याकाळी भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "काल तू क्लबात म्हणालीस की त्या सूरेत असं असं लिहिलंय. तसं नाही लिहिलेलं."

"मग कसं लिहिलंय?"

"बस इथे, सांगते. शिव्या द्यायच्या तर नीट द्याव्यात. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

आणि ती शिकवायची. सून खोडून काढण्यासाठी शिकायची, सासू चुकीचं खोडलं जाऊ नये म्हणून शिकवायची. दोघी तावातावाने भांडायच्या. आपाचा नवरा अब्दुमुताल शेतांना पाणी सोडायच्या कामावर होता. तो म्हणायचा, "माझं बरं आहे. पाणी उताराला जातं, भांडत नाही," आणि फावडं घेऊन बाहेर पडायचा.

मग एका हिवाळ्यात सोव्हिएत देशच उरला नाही. क्लबात बटाटे भरले. पगार थांबला. बुवीसाराने अंथरूण धरलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात खालच्या आळीत एक म्हातारी वारली. बायका बोलवायला आल्या. बुवीसारा उशीवरूनच म्हणाली, "माझी सून म्हणेल."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यात होसियात होती, गावात जिच्या जिभेला हाड नाही म्हणून प्रसिद्ध. ती म्हणाली, "ही? बुवी, ही तर देव नाही म्हणते!"

"पगार होता तोवर म्हणत होती," बुवीसारा म्हणाली. "आता पगार बंद आहे."

आपा गेली, बसली, तिने म्हटलं. त्या आवाजात सूरा ऐकून भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या ताठ बसल्या आणि मग रडल्या. त्या दिवसापासून इनोयात आपा जिगदेलीची ओटिन.

ती मानते का, केव्हापासून मानते, हे तिला कोणी विचारलं नाही. गावात काही गोष्टी विचारायच्या नसतात. मशिदीच्या समितीचा प्रमुख पूर्वी तरुण कम्युनिस्टांचा सचिव होता. दुकानदाराच्या छपरावरचा पत्रा कोलखोजच्या गोठ्याचा होता. एकाच्या भांड्यावरचं झाकण उचललं की साऱ्या गावाच्या स्वयंपाकघरात बघावं लागतं. त्यापेक्षा ज्याने त्याने आपलं झाकण सांभाळावं.

देश गेला तसा गावाच्या कडेचा कालवा सीमा झाला. होता तिथेच होता, पाणीही तेच, पण अलीकडचं गाव किर्गिझस्तानात आणि पलीकडचं उझबेकिस्तानात. दोन्ही काठांवर एकाच नात्यागोत्यातली माणसं. सुरुवातीला त्यावर फळी टाकलेली असायची आणि दर गुरुवारी आपाकडे प्रार्थनेला जमणाऱ्या निम्म्या बायका फळीवरून यायच्या. पुढे फळी गेली, तार आली, तारेमागे शिपाई आले. फाटक चार कोस लांब, आणि तेही बहुतेक बंद.

पहिल्या बंद गुरुवारी आपा काठावर जाऊन उभी राहिली. पलीकडे बायका चादरी अंथरून बसल्या होत्या. मधे पाणी खळाळत होतं. आपाने छातीत हवा भरली आणि क्लबातल्या आवाजात सुरुवात केली. एक अक्षर पाण्यात पडलं नाही. पलीकडचा शिपाई धावत आला, काय म्हणतेय ते ऐकलं आणि टोपी काढून उभा राहिला. तेव्हापासून तोच रिवाज पडला. लग्न असो, बारसं असो, मरण असो, आपा इकडून म्हणणार, तिकडे आमीन होणार, आणि मग पलीकडून नान आणि खडीसाखर फडक्यात बांधून भिरकावली जाणार. पलीकडची घड्याळं एक तास मागे. त्यामुळे आपाची प्रार्थना इकडे चारला सुरू होऊन तिकडे तीनला पोचायची. होसियात म्हणायची, "कोणाचा आवाज एवढ्या वेगाने जातो सांगा!"

अशी वीसेक वर्षं गेली. मग एका वसंतात, जर्दाळूला फुलं आली असताना, रिक्का आली.

रिक्का फिनलंडची. विद्यापीठात राजकीय भूगोल शिकवणारी, किरकोळ अंगाची, गुडघ्यात न वाकणारी. तिचा विषय होता जुन्या सोव्हिएत मुलखातल्या सीमा, त्या सीमांवरचा धर्म आणि तिथली भांडणं. तिला दुभाषी हवा होता, आणि जिगदेलीत इंग्रजी येणारी मुयस्सरच. मुयस्सरला फार आनंद झाला. आयुष्यभर तिने पोरांना डोंगरांची उंची आणि नद्यांची लांबी शिकवली होती. भूगोलात लोकांना प्रश्न विचारता येतात, हे तिला आत्ता कळत होतं.

गावाला मात्र वेगळंच कळलं. कालव्यावर उभी राहून टिपणं करणारी परदेशी बाई म्हणजे सीमा आखायला आली असणार. दोन दिवसांत तीन कुंपणं दोन-दोन हात पुढे सरकली. म्हाताऱ्या काझोकने तिला हाताला धरून नेलं आणि आपलं अक्रोडाचं झाड दाखवलं. झाड पलीकडे कललेलं होतं, पण त्याने सांगितलं, "मूळ बघा, मुली. माणसाचं आणि झाडाचं मूळ बघावं."

रिक्का चिकाटीची होती. चायखान्यात बसलेल्या म्हाताऱ्यांना तिने विचारलं, "पलीकडच्या लोकांशी तुमचे तणाव आहेत का?"

"भयंकर," एक म्हणाला. "माझी सासुरवाडी तिकडे आहे."

"धर्म आणि सरकार यांचं नातं तुम्हाला कसं दिसतं?"

म्हाताऱ्यांनी बराच विचार केला. मग काझोक म्हणाला, "व्याह्यांसारखं. कधी बोलणं चालू, कधी बंद. पण लग्नाचा खर्च मुलीकडच्यांचा, म्हणजे आमचा."

मुयस्सर सगळं नीट भाषांतर करायची, आणि रिक्का गंभीरपणे मान डोलवायची.

आपाकडे त्या गेल्या तो गुरुवार होता. बायका जमलेल्याच होत्या. होसियात होती, मशिदीच्या नव्या इमामाची आई ओयतोजी होती, आणखी आठ-दहा जणी. दस्तरखानावर नान, जर्दाळू, बदाम, खडीसाखर. आपा स्वतः चहा ओतत होती, पाहुणीच्या पेल्यात जेमतेम तळ झाकेल इतका. थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा जास्त वेळ बसतो. रिक्काने सासूबद्दल विचारलं, क्लबाबद्दल विचारलं, आपाने खुशीत सांगितलं. लाल पाण्याची हकिकत सांगितली तेव्हा बायकांनी हसून उशा बडवल्या.

आणि रिक्काने अगदी सहज, पुढचा प्रश्न म्हणून विचारलं, "मग तुम्ही श्रद्धावान केव्हा झालात?"

मुयस्सरने भाषांतर केलं. शब्द तोंडातून निघाले आणि तिला कळलं की खोलीतलं हसू बंद पडलंय. बायका बदामाकडे बघू लागल्या. वीस वर्षं जे झाकण कोणी हलवलं नव्हतं, ते एका पाहुणीने चहा पिता पिता उचललं होतं.

आपाने चहाची किटली उचलली आणि रिक्काचा पेला काठोकाठ भरला.

काठोकाठ भरलेला पेला म्हणजे, हा प्या आणि निघा. आपाच्या घरात मुयस्सरने तो कधी पाहिला नव्हता. रिक्का मात्र भारावून गेली. "किती उदार आहेत या!" ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी पेला धरून सावकाश पीत राहिली. पेला रिकामा केला आणि आणखी मागितला.

प्रश्न गावभर झाला. संध्याकाळपर्यंत दुकानात, दुसऱ्या सकाळी पिठाच्या गिरणीवर. पूर्वी कोणाच्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण आता त्याला शब्द मिळाले होते. होसियात कुंपणावरून म्हणाली, "आपाजान, मी आपली विचारते. केव्हापासून?"

"तू केव्हापासून?" आपा म्हणाली.

"मी जन्मापासून."

"जन्मल्याबरोबर तू दूध मागितलंस, होसियात. सगळ्या गावाला ऐकू गेलं होतं."

पण होसियातची गोष्ट वेगळी आणि इमामाची वेगळी. इमाम साइफुल्ला, गावाच्या तोंडी दोम्ला म्हणजे गुरुजी, तरुण होता, परदेशातल्या मदरशात बरीच वर्षं शिकून आलेला. मनाने सरळ, बोलायला मऊ, आणि प्रत्येक गोष्ट पुस्तकात आहे तशी व्हावी या काळजीने कायम थोडा वाळलेला. तो आपाच्या अंगणात आला, तुतीखाली बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आपा, तुमचा अपमान करायचा नाही. माझी आई तुमच्याकडे येते. पण लोक विचारतात. जिने पंधरा वर्षं नाकारलं, तिने कधी पश्चात्ताप केला, कधी कबूल केलं, हे कोणालाच माहीत नाही. तुम्ही बायकांसमोर एकदा सांगा. केव्हा, कसं. मग प्रश्न मिटला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर माझी बायको म्हणेल. मुहाय्यो शिकलेली आहे. तिच्या उच्चारात एक चूक सापडायची नाही."

"ते खरं आहे," आपा म्हणाली. "पोरगी गुणाची आहे."

तो गेल्यावर मुयस्सर कुंपण ओलांडून आली. आपा ओट्यावर हात मांडीत घेऊन बसली होती. एवढी उंच बाई, पण त्या दिवशी लहान दिसत होती. नवरा गेलेला, मुलगे कामाला रशियात. गुरुवार हेच तिचं घर होतं. तेवढं गेलं की उरलं काय, हे मुयस्सरला सांगायची गरज नव्हती.

"सांगून टाका ना, आपा," मुयस्सर म्हणाली. "स्वप्न पडलं म्हणा. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला आणि म्हणाला, ऊठ इनोयात. सगळ्यांना अशीच स्वप्नं पडतात."

"पंधरा वर्षं पगार घेऊन बोलले," आपा म्हणाली. "आता फुकटात खोटं बोलू?"

"मग खरं सांगा."

"खरं मला ठाऊक असतं तर त्या बाईचा पेला मी भरला नसता, पोरी. तेव्हा खोटं बोलत होते की नव्हते, तेही आता सांगता येत नाही. क्लबात उभी असले की वाटायचं, बरोबर बोलतेय. घरी येऊन म्हातारी म्हणायला लागली की वाटायचं, हीपण बरोबर बोलतेय. केव्हा काय झालं ते मी कुठे बघत बसले होते? पोरं लहान होती."

पुढचा गुरुवार आपाने घेतला नाही. अंगात कसर आहे म्हणाली. त्यानंतरच्या मंगळवारी पलीकडच्या काठावर पाश्शाखान वारली.

पाश्शाखान आपाची सगळ्यात जुनी मैत्रीण. फळी होती तेव्हा फळीवरून येणाऱ्यांत पहिली, फळी गेली तेव्हा पलीकडे चादर अंथरणाऱ्यांत पहिली. वरच्या अंगाला पाण्याच्या पाळीवरून त्याच सुमारास दगडफेक झाली होती, म्हणून फाटक घट्ट बंद. पुरुषांनी तिला पलीकडेच दफन केलं. दुपारी बायका काठावर जमल्या. पलीकडे चाळीसेक, अलीकडे तेवढ्याच. अलीकडच्या बायकांपुढे मुहाय्यो उभी, पांढऱ्या रुमालात, कागदासारखी फिकट. साइफुल्ला दोम्ला पुरुषाने राहावं तसा लांब, तुतीमागे. आपा मागच्या रांगेत, मुयस्सर आणि रिक्काच्या शेजारी.

मुहाय्योने सुरुवात केली. उच्चार मोत्यासारखे होते. पहिल्या रांगेला ऐकू आले, दुसरीला निम्मे. पाण्यापर्यंत एकही पोचला नाही.

"सुरू झालं का?" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"झालंय!" होसियात ओरडली.

"मग ऐकू का येत नाही?"

मुहाय्योने आवाज चढवला. तो चढला आणि मधेच फुटला.

"कोण म्हणतंय?" पलीकडून हाक आली. "आमची आपा कुठंय? आजारी आहे का? मेली का?"

पलीकडच्या तारेजवळचा शिपाई अस्वस्थ झाला. तो कोवळा पोरगा होता, लांबच्या जिल्ह्यातला. पण दर गुरुवारी खडीसाखरेतला एक खडा त्याच्या वाट्याला यायचा. तो ओरडला, "मावशी, माझ्याकडे भोंगा आहे! फेकू का?"

भोंगा म्हणजे ज्यातून तो एरवी 'सीमेपासून मागे सरा' असं ओरडायचा तो. मुहाय्योने वळून तुतीकडे पाहिलं. तुतीमागून डोकं हललं, नको. तिचे डोळे भरून आले. ती बायकांमधून वाट काढत थेट मागे आली आणि म्हणाली, "आपा, तुम्ही म्हणा. मला नाही जमत. त्या बिचारीला ऐकू जायला हवं ना."

सगळे आपाकडे बघू लागले. आपा उठली नाही.

"दोम्लांना विचार," ती म्हणाली. तिच्या परीने हळू म्हणाली. पलीकडे ऐकू गेलं.

साइफुल्ला दोम्ला तुतीमागून दोन पावलं पुढे आला. बिचारा घामाघूम झाला होता, पण मागे हटेना. "आपा, एवढं सांगा आणि मग म्हणा. केव्हापासून ते. एक वाक्य पुरे."

"काय विचारतोय?" पलीकडून.

"विचारतोय, आपा केव्हापासून मानायला लागली!" होसियातने ओरडून कळवलं. हे पलीकडच्यांनाही वीस वर्षं ऐकायचंच होतं. रिक्काने मुयस्सरची बाही धरली.

आपा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. काठापर्यंत चालत गेली. चेहरा उतरलेला होता, आणि मुयस्सरला वाटलं, आता ही माफी मागणार आणि घरी जाणार. तिने पाण्याकडे पाहिलं, पलीकडच्या रिकाम्या पहिल्या जागेकडे पाहिलं, आणि छातीत हवा भरली.

"बायांनो! माझं लग्न कोणत्या तारखेला झालं ते मला ठाऊक आहे. सांगू शकते. पण सासूची सवय मला कोणत्या तारखेला झाली ते विचारलंत, तर मी काय सांगू? तुमच्यातली कोणी सांगू शकते का?"

क्षणभर नुसतं पाणी वाहत राहिलं. मग पलीकडे एक म्हातारी खुदकन हसली. मग तिच्या शेजारची. मरणाचा दिवस, रुमाल तोंडाला लावून रडायला जमलेल्या बायका, आणि दोन देशांचे काठ हसायला लागले. रुमाल तोंडाला होतेच, ते हसू दाबायच्या कामी आले. सगळ्यात मोठ्याने हसली ती ओयतोजी, इमामाची आई. ती मुहाय्योला कोपराने ढोसत होती आणि म्हणत होती, "सांग, सांग की! तारीख सांग!" मुहाय्यो रडता रडता लाल झाली. होसियात म्हणाली, "मला तर अजून झालेली नाही, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली."

साइफुल्ला दोम्ला उभा होता तिथेच उभा राहिला. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पुस्तकात याचं उत्तर शोधत असावा, आणि शोधता शोधता त्याच्या ध्यानात आलं असावं की पुस्तकं लिहिणाऱ्यांना सासू नव्हती. तो काही न बोलता तुतीमागे परत गेला. दोम्ला गप्प बसला म्हणजे त्याने होकार दिला, असंच जिगदेलीत धरतात.

"आता गप्प बसा," आपा म्हणाली. "पाश्शाखान वाट बघतेय."

आणि तिने म्हटलं. हसू कधी रडण्यात गेलं ते कोणाला कळलं नाही. पलीकडच्या शिपायाने टोपी काढली, मग अलीकडच्यानेही. दोन्ही काठांवर एकदम आमीन झालं.

परतताना रिक्काने मुयस्सरला विचारलं, "सगळ्या का हसल्या? आपा नेमकं काय म्हणाल्या?" मुयस्सरने शब्दन् शब्द सांगितलं. रिक्काने मान डोलवली, पण तिच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही.

"तुझं लग्न झालंय का गं?" मुयस्सरने विचारलं.

"नाही."

"मग असू दे," मुयस्सर म्हणाली.

पुढल्या वर्षी रिक्काचा लेख छापून आला. मुयस्सरने तो कोश घेऊन वाचला. कालव्याबद्दल दहा पानं होती, आणि एका ठिकाणी लिहिलं होतं की सोव्हिएतोत्तर समाजात धर्मभावनेचा उदय निश्चित कालबिंदूवर दाखवता येत नाही. ती कौटुंबिक सहवासातून क्रमाक्रमाने घडत जाते. मुयस्सरने हे आपाला भाषांतर करून सांगितलं.

आपाने लक्ष देऊन ऐकलं. "एवढ्या शब्दांत?" ती म्हणाली. "तरी बरं, बाई हुशार आहे. पुन्हा आली तर तिला चहा थोडा ओतीन."

रिक्का पुन्हा दोनदा आली. दुसऱ्या खेपेला तिला मांडी घालता येत होती. पाश्शाखान गेल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारीच आपाने मुहाय्योला शेजारी बसवलं होतं आणि म्हणाली, उच्चार तुझे, आवाज माझा, दोघी मिळून एक माणूस होऊ. काठावर नेऊन तिला पोटातून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. साइफुल्ला दोम्लाने हे तुतीमागून काही दिवस ऐकलं आणि मग एके दिवशी चाचरत विचारलं की शुक्रवारच्या खुतब्यासाठी, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनासाठी, असा श्वास पुरुषालाही घेता येतो का.

पुढे वारं फिरलं. तारा निघाल्या आणि जुनी फळी होती त्याच जागी लोखंडी पूल झाला. पलीकडच्या बायका आता चालत येतात. शिपायाला ओळखपत्र दाखवतात आणि खडीसाखर हातात देतात. काझोकचं अक्रोडाचं झाड ज्याचं त्याच्याकडेच राहिलं. फक्त त्या वसंतात पुढे सरकलेली तीन कुंपणं अजून मागे गेलेली नाहीत.

इनोयात आपा आता ऐंशीच्या घरात आहे. गुरुवारी मुहाय्यो म्हणते आणि आपा भिंतीला टेकून बसते, मधेच कोणी पेंगली तर खोकते, आणि पेंगणारी दचकून जागी होते. गेल्या शरदात मुयस्सर तिला ओश शहरात घेऊन गेली आणि तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आणला. डाव्याचं या वर्षी जर्दाळूचा हंगाम आटोपल्यावर करायचं आहे.